रात्र मोजणारं झाड

दुपारचे दोन वाजले होते, बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, आणि शेजारचे गृहस्थ मला सांगत होते, "आत्ता नको. आत त्यांची रात्र चालू आहे. संध्याकाळी सातनंतर या."

कॅनडातल्या मिसिसागात भाचीकडे महिनाभर राहायला गेलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. शेजारी निवृत्त बसचालक. 'आत' म्हणजे त्यांच्या तळघरात उभा केलेला कपाटाएवढा काळ्या कापडाचा तंबू. त्यात गांजाची दोन झाडं होती. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून प्रौढ माणसांसाठी गांजा कायदेशीर आहे आणि बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं लावता येतात. घरटी, माणशी नव्हे. ओंटारिओत संध्याकाळी सातनंतर वीज स्वस्त होते, म्हणून या गृहस्थांनी झाडांचा दिवस संध्याकाळी सात ते सकाळी सात असा ठेवला होता. आपण झोपतो तेव्हा त्यांच्या झाडांना उजाडतं.

"मामा, येताना कपड्यांना वास येईल हं," भाचीनं आधीच सांगून ठेवलं होतं. सात वाजता चेन उघडली आणि पांढरा झगझगीत उजेड बाहेर आला. मागोमाग वास. कापलेला कैरीचा देठ, टर्पेंटाइन आणि ओला पालापाचोळा एकत्र केल्यासारखा. कमरेएवढी झाडं, शेंड्यांवर दाट तुरे. हेच झाड मी कुलूच्या रस्त्याकडेला गाजरगवतासारखं माजलेलं पाहिलं होतं. तिथं त्याला कोणी पाणी घालत नाही की खत देत नाही. मग इथं त्याला घड्याळ का लागतं, हा प्रश्न मनात घेऊन मी परत आलो. पुढं जे वाचलं, ते त्या प्रश्नाच्या मागं लागून वाचलं.

एक गोष्ट आधीच सांगतो. भारतात घरात असं झाड लावणं गुन्हा आहे. कुंडीत एक लावलं तरी. त्याबद्दल शेवटी बोलूच. पण झाड समजून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, आणि झाड समजलं की कायद्याची भाषाही उलगडते.

आपल्याकडे या पानाची ओळख सिनेमातून किंवा टी-शर्टवरून झालेली असते. पण पानाच्या आकाराला अगदी जवळचं एक झाड महाराष्ट्राच्या प्रत्येक आठवडी बाजारात मिळतं, अंबाडी. तिची पानं अशीच पंज्यासारखी, करवती कडांची. म्हणूनच तिच्या शास्त्रीय नावात 'कॅनाबिनस' आहे, म्हणजे कॅनाबिससारखी. नात्यानं मात्र अंबाडी जास्वंदीच्या कुळातली. गांजाचं खरं सख्खं भावंड म्हणजे बिअरला कडवटपणा देणारा हॉप्सचा वेल. लिनियसनं 1753 मध्ये या झाडाला 'कॅनाबिस सटायव्हा' हे नाव दिलं. पुढं 1785 मध्ये लामार्कनं भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून 'कॅनाबिस इंडिका' वेगळी काढली. आपल्या देशाचं नाव या झाडाला तेव्हापासून चिकटलं आहे.

शेजाऱ्यांनी मला एक बी दाखवलं होतं. धण्याच्या दाण्याएवढं, राखाडी-तपकिरी, आणि त्यावर टिटवीच्या अंड्यावर असते तशी गडद नक्षी. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ते बी नसून फळच आहे. सूर्यफुलाच्या दाण्यासारखंच, टणक कवचात एकच बी. आत सुमारे तीस टक्के तेल. नशेचं द्रव्य या बियात तयार होतच नाही, म्हणून उत्तराखंडच्या पहाडी घरांत भाजलेल्या भांगेच्या बियांची चटणी रोजच्या जेवणात असते. 2021 मध्ये भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानंही या बियांना आणि त्यांच्या तेलाला अन्न म्हणून मान्यता दिली.

या बियाला मोड येण्याची रीत मटकीपेक्षा वेगळी नाही. ओलावा, ऊब आणि हवा. वीस ते पंचवीस अंश तापमानात दोन ते पाच दिवसांत कवच फुटतं आणि पांढरं मूळ बाहेर येऊन खाली वळतं. मग दोन गुळगुळीत गोल बीजपत्रं वर येतात. त्यानंतरच्या खऱ्या पानांचा क्रम पाहण्यासारखा असतो. पहिल्या जोडीला एकेकच करवती पातं, दुसरीला तीन, मग पाच, मग सात. तो प्रसिद्ध पंजा झाडाला जन्मतः नसतो. पुढं फुलोऱ्याच्या जवळ पात्यांची संख्या पुन्हा उतरत जाते.

घरात वाढवणाऱ्यांची पहिली फसगत इथंच होते. ती समजायला नवरात्रातला घट आठवावा. देवघराच्या कोपऱ्यात पेरलेलं धान्य नवव्या दिवशी वीतभर उंच, फिकट पिवळं आणि लुसलुशीत होतं. आपण ते कौतुकानं टोपीत खोवतो. पण ती वाढ सुदृढपणाची नव्हे. उजेड शोधत रोपानं स्वतःला ताणून घेतलेलं असतं, बियातली शिदोरी उंचीवर उधळलेली असते. खिडकीत ठेवलेलं गांजाचं रोपही असंच लांबतं आणि मान टाकतं. आपल्या डोळ्यांना खोली उजळ वाटते, कारण बुबुळ स्वतःला जुळवून घेतं. पानाला ती सोय नाही. भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, आणि ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत दोन-तीनशे. उघड्यावरच्या झाडाला घरात आणायचं म्हणजे सूर्याचं काम अंगावर घ्यायचं. शंभर वॅटचा एलईडी दिवा रोज अठरा तास लावला तर महिन्याला चोपन्न युनिट होतात, आणि शंभर वॅट हा एखाद-दुसऱ्या झाडापुरता हिशेब झाला.

दुसरी फसगत पाण्याची. रोप नाजूक आहे म्हणून माणूस मायेनं रोज पाणी घालतो, मुळांना हवा मिळत नाही, बुरशी लागते आणि जमिनीलगत खोड बारीक होऊन रोप आडवं पडतं. मिरची-टोमॅटोच्या रोपवाटिकेत काम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. तिथं याला रोपं कोलमडणं म्हणतात. बाकी माती भुसभुशीत हवी, निचरा हवा, सामू सहा-सातच्या दरम्यान हवा. यात गांजाचं म्हणून वेगळं काही नाही.

वेगळं आहे ते रात्रीचं.

पॅरिसमध्ये ज्युलियँ तुर्नुआ नावाचा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ हॉप्स आणि भांग या दोन भावंडांवर काम करत होता. हिवाळ्यात काचघरात पेरलेली रोपं अगदी चिमुकली असतानाच फुलायला लागली, हे त्याला खटकलं. ऊब होती, पाणी होतं, मग वाढायचं सोडून ही फुलतात का? त्यानं रोपांना मिळणारे उजेडाचे तास कमी-जास्त करून पाहिले आणि 1912 व 1914 मध्ये आपले निष्कर्ष छापले. ही झाडं दिवस आखूड झाल्यामुळं फुलतात, असं आधी दिसलं. मग त्यानं आणखी नेमकं म्हटलं, की दिवसाच्या आखूडपणापेक्षा रात्रीचं लांबणं इथं महत्त्वाचं असावं. पुढं तो पहिल्या महायुद्धात मारला गेला आणि काम तिथंच थांबलं. 1920 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी तंबाखूच्या एका वाणावर हीच गोष्ट सविस्तर दाखवली आणि तिला 'फोटोपिरिऑडिझम' हे नाव दिलं. श्रेय त्यांच्या नावावर जमा झालं, ते योग्यच. पण रात्र मोजणारं झाड पहिल्यांदा ज्याला दिसलं तो तुर्नुआ, आणि त्याच्या समोर होतं हेच झाड. युद्धानं त्याला आणखी दहा वर्षं दिली असती तर वनस्पतिशास्त्राचं एक पान त्याच्या नावानं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

झाड रात्र कशी मोजतं? पानात फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं. लाल उजेडात त्याचं एक रूप, अंधारात ते हळूहळू दुसऱ्या रूपाकडे परततं. पानाच्या अंतर्गत घड्याळाशी या बदलाचा मेळ बसून, अंधार पुरेसा लांबला की फुलण्याचा संदेश शेंड्याकडे जातो. अंधार मध्येच दिव्यानं तोडला तर हिशेब विस्कटतो. म्हणून तंबूची चेन दुपारी दोनला उघडायची नव्हती.

उघड्यावर हे काम ऋतू करतो. हिमालयात वसंतात बी रुजतं, उन्हाळ्याच्या लांब दिवसांत झाड नुसतं वाढतं, आणि दिवस आखूड होऊ लागल्यावर, श्रावण-भाद्रपदात, फुलतं. थंडीचा कडाका पडण्याआधी बी पिकवायचं असेल तर घाई केव्हा करायची, हे त्याला रात्र सांगते. घरातल्या तंबूत तेच दोन अंक बदलून होतं. अठरा तास उजेड असेपर्यंत झाड वाढत राहतं. बारा तास उजेड, बारा तास सलग अंधार केला की त्याला वाटतं शरद आला, आणि पुढच्या आठ-दहा आठवड्यांत फुलोरा पुरा होतो. रशियाच्या आग्नेय भागात या झाडाची एक खुजी रानटी जात आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्स्कीनं 1924 मध्ये तिचं वर्णन केलं. तिकडचा उन्हाळा इतका आखूड, की ती रात्रीची वाट न पाहता वय झालं की फुलते. घड्याळाशिवाय फुलणारी आजची वाणं तिच्याच रक्ताची.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर शेवंतीच्या मळ्यावर रात्री जावं. शेवंतीही लांब रात्रीची. लवकर फुलू नये, दांडा उंच व्हावा, म्हणून आपल्याकडचे फूलउत्पादक रात्री मळ्यावर दिव्यांच्या माळा लावतात. मालाला भाव असेल त्या तारखेला फूल यावं म्हणून रात्र तोडायची, ही युक्ती अनेक शेतकऱ्यांना पाठ आहे. सोलापूर-सांगलीकडे ड्रॅगनफ्रूटच्या बागेत दिवे लावतात ते उलट कारणानं. त्या निवडुंगाला दिवस लांब वाटला की कळी येते.

आता झाडाच्या दुसऱ्या गुपिताकडे येऊ, ते म्हणजे नर आणि मादी. पपई लावणाऱ्याला हा घोर माहीत असतो. रोप लावलं, महिने गेले, आणि झाड नर निघालं. गांजाचं तसंच. नर झाड वेगळं, मादी वेगळी, आणि बियावरून काही कळत नाही. फुलोऱ्याच्या सुरुवातीला पेरापाशी बारीक निरखलं तर नराला देठाला लटकलेली गोळी दिसते, मादीला पांढऱ्या केसांची जोडी. नराचा पराग वाऱ्यावर जातो, मादीला बी धरतं, आणि मग झाडाची सगळी ताकद बियात जाते. पराग मिळालाच नाही तर मादी वाट पाहत राहते. नव्या फुलांवर नवी फुलं येतात आणि त्यांच्या भोवती राळ साचत जाते. हा राळेनं चिकट झालेला बिनबियांचा तुरा, तोच गांजा.

ही विद्या कॅलिफोर्नियातून आली असं अनेकांना वाटतं. तसं नाही. एकोणिसाव्या शतकात बंगालमधल्या नौगावच्या परिसरात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, सरकारी परवान्यानं गांजाची शेती होती. तिथं 'पोद्दार' किंवा 'परखदार' नावाचे पारखी लोक असत. फुलोरा उमलण्याआधी ते ओळी-ओळीनं शेतातून फिरत, एकेक झाड पारखत आणि नर उपटून टाकत. शेतकरी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांच्या डोळ्यांवर विसंबत, आणि इंग्रज अधिकारी त्यांना गांजाचे डॉक्टर म्हणत. आपल्या मुंबई इलाख्यात ही शेती मुख्यतः तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात होती. 1893 मध्ये सरकारनं नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशननं देशभर फिरून 1,193 साक्षी घेतल्या आणि 1894 मध्ये अहवाल दिला. त्यातल्या शेतीच्या नोंदी आजही वाचाव्यात अशा आहेत. माफक सेवनानं फारसं नुकसान होत नाही, संपूर्ण बंदीपेक्षा परवाने आणि कर बरे, असं या कमिशनचं मत पडलं होतं.

आज परदेशात दुकानांतून 'केवळ मादी' बियांची पाकिटं मिळतात आणि पोद्दाराचं काम त्या पाकिटानं केलेलं असतं. यामागंही एक भारतीय धागा आहे. दिल्ली विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एच. वाय. मोहन राम आणि त्यांचे सहकारी आर. सेट यांनी 1982 मध्ये दाखवलं, की चांदीच्या संयुगांनी मादी झाडावरच सुपीक नर फुलं आणता येतात. चांदी झाडातल्या इथिलिन या संप्रेरकाचा प्रभाव रोखते, आणि मादी फुलं घडवण्यात इथिलिनचा हात असतो. अशा फुलांचा पराग जन्मानं मादी असलेल्या झाडाचाच, म्हणून त्यापासून होणारी पुढची पिढी मादी. झाडांचं लिंग ठरतं कसं, या कुतूहलातून झालेलं हे संशोधन.

शेजाऱ्यांनी मला भिंग दिलं होतं. पानावर नुसत्या डोळ्यांना साखर भुरभुरल्यासारखं दिसतं. भिंगातून पाहिलं तर काचेच्या बारीक टाचण्या उभ्या. देठ, आणि वर पारदर्शक गोल डोकं. राळ त्या डोक्यात. किडींपासून आणि कडक उन्हापासून झाडाला त्याचा उपयोग होत असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. नशा आणणारं टीएचसी त्यातलंच. 1964 मध्ये इस्रायलच्या वाइझमान संस्थेत राफाएल मेकूलाम आणि येहिएल गाओनी यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. पोलिसांनी जप्त केलेला हशीश त्यांनी संशोधनासाठी मागून आणला होता. मात्र जिवंत झाडात टीएचसी जवळजवळ नसतंच. असतं ते त्याचं आम्लरूप, आणि उष्णता लागली की त्याचं टीएचसी होतं. गांजा ओढतात आणि भांग तापवतात, त्याचं हे कारण.

1992 मध्ये मेकूलाम यांच्या प्रयोगशाळेला आणखी एक गोष्ट सापडली. आपल्या मेंदूतच असं एक द्रव्य तयार होतं, जे टीएचसीच्याच कुलपात बसतं. त्याचं नाव ठेवताना त्यांच्या गटानं संस्कृत शब्द घेतला. ते द्रव्य म्हणजे आनंदामाइड.

पण मेंदूचं हे कुलूप भूक, स्मृती, झोप, भीती अशा नाजूक कामांसाठी आहे. पोरवयात मेंदू अजून घडत असताना ते बाहेरून सतत उघडत राहणं धोक्याचं. रोज आणि तीव्र गांजा घेणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, हेही आता नीट नोंदलं गेलं आहे. मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडून जप्त होणारा 'हायड्रोपोनिक गांजा' बातम्यांत वारंवार दिसतो. हायड्रोपोनिक म्हणजे फक्त मातीविना, पोषक पाण्यात वाढवलेला. त्याची तीव्रता पाण्यातून येत नाही. ती येते निवडलेल्या वाणातून, बिनबियांच्या मादीतून आणि दिव्याखाली मोजून दिलेल्या दिवस-रात्रीतून. शहरी मुलं त्याला काहीतरी स्वच्छ, सौम्य समजतात, ते साफ चुकीचं आहे. हा गांजा शेतातल्या गांजापेक्षा सहसा जहाल असतो.

आणि आता कायदा. अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, 1985 चा. त्यात गांजाची व्याख्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे अशी आहे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. पोद्दार जे जाणत होता तेच कायद्यानं लिहून ठेवलं आहे, माल शेंड्यात असतो. पानांची भांग म्हणूनच या व्याख्येबाहेर राहून राज्यांच्या नियमांखाली येते. पण लागवडीची गोष्ट निराळी. तिथं पान, बी, तुरा असा भेद नाही. कायदा 'झाड' म्हणतो. परवान्याविना लागवड केली तर कलम 20 प्रमाणे दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात उसात, हळदीत, तुरीत लपवलेली झाडं पोलिस उपटतात ती याच कलमाखाली. धाग्यासाठी किंवा बियांसाठी सरकार परवानगी देऊ शकतं, आणि उत्तराखंडानं 2018 पासून तशी दिलीही आहे. घरच्या कुंडीसाठी असा परवाना नाही.

जर्मनीनं 1 एप्रिल 2024 पासून प्रौढांना माणशी तीन झाडांची मुभा दिली, पण मुलांचा हात पोचणार नाही अशी ती ठेवायची, ही अट घातली. कॅनडातच क्यूबेकनं घरी लागवडीला बंदी केली आणि 2023 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं ती योग्य ठरवली. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलांनी प्रांताचा नियम, घरमालकाचा करार आणि स्वतःच्या व्हिसाच्या अटी, तिन्ही वाचाव्यात. आणि तिथं कायदेशीर असलेली पुडी बॅगेत घालून मायदेशी येऊ नये. विमान उतरलं की तो गुन्हा आहे, आणि कॅनडातून ती बाहेर काढणं हाही तिथला गुन्हाच.

परत आल्यावर मी गच्चीत शेवंतीच्या दोन कुंड्या ठेवल्या. एक जिन्याच्या दिव्याखाली, जो रात्रभर चालू असतो, आणि दुसरी टाकीमागं, अंधारात. टाकीमागची दिवाळीत फुलांनी भरली. दिव्याखालचीला नुसती पानं होती. तुम्हीही लावून पाहा. दोन कुंड्या आणि एक दिवा पुरतो.